वाऱ्यावर चालणारी गाडी वाऱ्याच्याही पुढे जाऊ शकते का?

पेडलमित्र (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.१०

काल पहाटे सायकलवर त्र्यंबकला जाऊन आलो. आषाढाचा वारा, जाताना महिरावणीपासूनच छातीवर बसला होता. परतताना तोच वारा पाठीशी. अंजनेरी मागे टाकल्यावर मोकळ्या पट्ट्यात एक गोष्ट घडली, तिच्यासाठी हा धागा.

अचानक सगळं शांत झालं. कानातली घूं घूं थांबली, रेनकोटची फडफड थांबली, हँडलला बांधलेली फीत सरळ खाली लोंबायला लागली. मीटरवर २७ होते. रस्त्याकडेची झाडं मात्र हलत होती. म्हणजे वारा होता, पण मी त्याच्याच वेगाने चाललो होतो, म्हणून माझ्यापुरता तो नाहीसा झाला. आणखी जोर लावून ३२ वर गेलो, तर वारा तोंडावर यायला लागला. आतापर्यंत मागून ढकलणारा वारा समोरून अडवायला लागला.

घरी येऊन वाचत बसलो आणि ‘ब्लॅकबर्ड’ गाडीपाशी पोचलो. कॅलिफोर्नियात रिक कॅव्हालारो आणि जॉन बोर्टन यांनी सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांना घेऊन ती बनवली. इंजिन नाही, बॅटरी नाही. चाकं, आणि माणसापेक्षा कितीतरी उंच पंखा. जुलै २०१० मध्ये एल मिराज नावाच्या सुकलेल्या तळ्यावर ती वारा वाहतो त्याच दिशेने, नाकासमोर सरळ, वाऱ्याच्या २.८ पट वेगाने धावली आणि तशी अधिकृत नोंद झाली.

माझं अंग सांगतं की २७ ला ढकल संपते. नोंद सांगते की संपत नाही. व्हिडिओ पाहून झालाय, त्यामुळे लिंक नकोत. माझ्या सायकलवर बसून मला हे कळेल असं कुणी सांगेल का?

केदार_नाशिकरोड | सोमवार, रात्री ९.४८

तुमचं अंग बरोबर सांगतंय. वाऱ्याच्या वेगाला पोचलात की तुमच्या दृष्टीने वारा शून्य. शून्य वारा पंख्याला फिरवणार कसा? त्यापुढे गेलात तर वारा समोरून, म्हणजे पंखा उलटा फिरणार. फुकटात ऊर्जा मिळत नाही. अशा ‘चमत्कारिक’ गाड्यांत शेवटी काहीतरी लपवलेलं निघतं. मला हे पटत नाही आणि पटेपर्यंत मी विचारत राहणार.

तांडेल | सोमवार, रात्री १०.३०

मूळ गाव मालवणकडचं, नोकरी सगळी जहाजांवर, आता इंदिरानगरला स्थायिक. लहानपण शिडाच्या होडीत गेलं, म्हणून लिहितो.

सायकलवाल्या मित्राने पाठवाऱ्याची गोष्ट सांगितली. पाठवाऱ्यावर उघडलेलं शीड म्हणजे नुसती अडकवलेली चादर. ते वाऱ्याच्या पुढे जात नाही, इथपर्यंत केदारचं खरं. पण आडवा वारा घेतला की हिशेबच बदलतो. ओली आठळी चिमटीत दाबून बघा. बोटं जवळ येतात केसभर, आठळी उडते हातभर. बोटांचा वेग आणि आठळीचा वेग यांचा मेळ आठळीच्या उतारावर ठरतो. शीड आणि होडीचा कणा ही तशीच चिमट आहे. वारा एका बाजूने दाबतो, पाणी दुसऱ्या बाजूने धरून ठेवतं आणि होडी मधून निसटते.

पाण्याऐवजी बर्फ किंवा कोरडी जमीन असली की घसरण आणखी सोपी. बर्फावरच्या शिडाच्या गाड्या वाऱ्याच्या तिप्पट-चौपट सहज जातात. जमिनीवरचा विक्रम ‘होरोनुकु’ गाडीचा, डिसेंबर २०२२, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं गेर्डनर तळं, चालक ग्लेन ॲशबी, ताशी २२२.४ किमी. वारा होता ताशी चाळीसच्या आसपास. त्याआधीचा ‘ग्रीनबर्ड’चा, २००९ चा, २०२.९ होता. पाण्यावर पॉल लार्सनने २०१२ मध्ये नामिबियाच्या वॉल्विस बेमध्ये ६५.४५ नॉट गाठले, म्हणजे ताशी सुमारे १२१ किमी. तेही वाऱ्याच्या दुपटीहून जास्त.

तेव्हा ‘वाऱ्यावर चालणारं वाहन वाऱ्यापेक्षा जोरात’ याबद्दल समुद्रावरच्या माणसाला शंका नाही.

केदार_नाशिकरोड | सोमवार, रात्री १०.४१

काका, आडव्या वाऱ्याचं मान्य. तिथे होडी कितीही जोरात गेली तरी वारा तिला बाजूने लागतच राहतो. धागा मात्र सरळ पाठवाऱ्याचा आहे. तिथे ही चिमट कुठे आहे?

तांडेल | सोमवार, रात्री १०.५५

प्रश्न चोख आहे. उद्या सावकाश लिहितो.

द्राक्षबाग | मंगळवार, पहाटे ५.५०

दिंडोरी तालुका. बागेत फवारणीला जायच्या आधी वाचलं, मनात आलं ते लिहितो.

आमच्या ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर असतो. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर फिरतो, हवा फेकतो. हवेने तो फिरत नाही, ट्रॅक्टर त्याला फिरवतो. केदारभाऊ पवनचक्की डोक्यात धरून बोलत आहेत असं वाटतं, म्हणजे वारा पंख्याला फिरवतो आणि पंखा चाकाला. या गाडीत उलटं असेल तर? चाक पंख्याला फिरवतं आणि पंखा ब्लोअरसारखी मागे हवा फेकतो. तसं असेल तर वारा शून्य झाला काय आणि समोरून आला काय, पंखा थांबायचं कारण नाही.

गुरुजी_पंचवटी | मंगळवार, सकाळी ७.१५

द्राक्षबाग, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. ब्लॅकबर्डचा पंखा चाकांवरच फिरतो. निम्म्याहून जास्त वाद याच गैरसमजातून होतात.

आता केदारचा पुढचा प्रश्न मीच विचारतो. चाकावर पंखा चालवला तर चाकाला ब्रेक लागणार. ब्रेक लावून मिळवलेल्या शक्तीने गाडी पुढे कशी जाईल? हे तर स्वतःची शेंडी धरून स्वतःला उचलण्यासारखं झालं.

आकडे घेऊन बघू. वारा सेकंदाला ५ मीटर. गाडी सेकंदाला १० मीटर, म्हणजे वाऱ्याच्या दुप्पट. पंखा फिरवण्यासाठी चाकांवर १०० न्यूटनचा ब्रेक लागतोय असं धरा. जमीन चाकाखालून १० मीटरने मागे जाते, तेव्हा चाकांतून मिळणारी शक्ती १०० गुणिले १०, १००० वॅट. साखळी, गिअर, पंखा मिळून ४० टक्के वाया घालवू. उरले ६०० वॅट.

हे ६०० वॅट पंखा हवेवर खर्च करतो. पण गाडीवरून हवा किती वेगाने मागे जातेय? १० ने नाही. हवा स्वतः ५ ने त्याच दिशेने चालली आहे, म्हणून गाडीला ती फक्त ५ ने समोरून येते. ६०० भागिले ५, मिळाला १२० न्यूटनचा रेटा. ब्रेक १००, रेटा १२०. गाडी अजून वेग घेतेय.

शक्ती घेतली जोरात पळणाऱ्या जमिनीकडून, खर्च केली हळू येणाऱ्या हवेवर. तीच शक्ती हळू चालणाऱ्या वस्तूवर लावली की जोर जास्त मिळतो. पहारीने दगड हलवताना आपण हेच करतो, आपला हात लांब फिरतो आणि दगड थोडासा हलतो.

याच गाडीला १२.५ वर न्या. १२५० वॅट, उरले ७५०, हवा समोरून ७.५ ने. रेटा बरोबर १००. ब्रेकही १००. इथे ही गाडी थांबते, म्हणजे वेग वाढायचा थांबते. तिची मजल वाऱ्याच्या अडीचपट. ब्लॅकबर्डने २.८ गाठले, तेव्हा तिच्यात चाकांच्या शक्तीपैकी किमान ६४ टक्के कामी येत असली पाहिजे.

आणि वारा पडला तर? १० ने जाणाऱ्या गाडीला हवा १० ने समोरून. ६०० भागिले १०, रेटा ६०, ब्रेक १००. गाडी थांबली. शेंडी धरून उचलणं ते हेच आणि ते होत नाही. जमीन आणि हवा यांच्या वेगात फरक असेल तरच हे चालतं.

केदार_नाशिकरोड | मंगळवार, सकाळी ११.३०

सर, गणित दोनदा करून पाहिलं. चूक सापडली नाही, पण समाधानही झालं नाही. दोन शंका आहेत.

एक, ऊर्जा कुणाची कमी झाली? जमीन काही थकत नाही.

दोन, वारा एकसारखा कधी नसतो. झुळूक येते, गाडी वेग घेते, झुळूक ओसरते आणि त्या क्षणी मोजलं तर गाडी वाऱ्याच्या पुढे दिसते. शिवाय जमिनीलगत वारा मंद आणि वर जोराचा. पंखा उंच आहे, वारा खाली मोजला तर फरक दिसणारच. यूसीएलएचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेंको यांनीही याच धर्तीचे आक्षेप घेतले होते.

गुरुजी_पंचवटी | मंगळवार, दुपारी १.०५

पहिल्याचं उत्तर. ऊर्जा वाऱ्याची कमी झाली. पंखा हवा मागे फेकतो. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला दिसेल की ५ ने येणारी हवा गाडी गेल्यानंतर ५ पेक्षा मंद झाली. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मागे वारा मंदावतो, त्यातला आणि यातला व्यवहार एकच. पवनचक्की एका जागी उभी राहून वाऱ्याचा वेग काढून घेते, ही गाडी धावता धावता.

दुसऱ्याबद्दल. कुसेंको यांनी २०२१ मध्ये या गाडीवर व्हिडिओ करणारे यूट्यूबर डेरेक मुलर यांच्याशी १० हजार डॉलरची पैज लावली होती. नंतर त्यांनी हार मान्य करून पैसे दिले. अर्थात पैज हरणं म्हणजे पुरावा नव्हे. झुळुकीची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर बंद खोलीतच मिळू शकतं.

मागावरून | मंगळवार, दुपारी ३.४०

येवल्याहून. पैठणीच्या मागावर बसतो, शास्त्र शिकलेलो नाही, पण दोरा आणि रीळ यांच्यात आयुष्य गेलं. सरांचं वाचून एक गोष्ट करून बघितली. सगळ्यांनी घरी करावी.

दोन्ही कडांना मोठ्या चकत्या आणि मधे बारीक दांडा असलेलं रीळ घ्या. सतरंजीवर आडवं ठेवा, घसरायला नको. दोरा रिळाच्या खालच्या अंगाने आपल्याकडे येईल असा ठेवा आणि हळू, जमिनीला समांतर ओढा. सगळ्यांना वाटतं दोरा उलगडेल आणि रीळ लांब जाईल. ते होत नाही. रीळ आपल्याकडे धावतं आणि दोरा गुंडाळत येतं. गुंडाळत येतं म्हणजेच दोऱ्यापेक्षा पुढे पळतं. ओढणारा दोराच आणि रीळ दोऱ्याच्याही पुढे! मुलाने पट्टी लावून मोजलं. हात वीतभर सरकला, रीळ दीड वीत.

संक्रांतीच्या आसारीवर हे जमत नाही, तिचा मांजाच बाहेरच्या अंगावर असतो. शिलाईचं लाकडी रीळ उत्तम.

पेडलमित्र (धागाकर्ता) | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

मागावरून दादा, आत्ता घरी करून पाहिलं. आईच्या मशिनचं जुनं रीळ. पाच वेळा केलं. मला जे हवं होतं ते हेच. दोऱ्याला ‘वारा’ म्हणायचं आणि सतरंजीला जमीन.

गुरुजी_पंचवटी | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

आणि बघा, ‘दोऱ्याच्या वेगाला पोचलं की ओढ संपेल’ असं रिळाबाबत कुणी म्हणत नाही, कारण दोरा रिळाला नुसता ओढत नाही, जमिनीच्या आधाराने फिरवतोही. बाहेरची चकती ३ सेंमी आणि दांडा १ सेंमी त्रिज्येचा असेल तर रीळ दोऱ्याच्या बरोबर दीडपट जातं. दांडा जाड केला तर आणखी जास्त. मागावरून, तुमच्या मुलाने पट्टीने मोजलेलं उत्तर भौतिकशास्त्राचंच आहे.

अंबड_टर्नर | मंगळवार, रात्री ९.३०

२६ वर्षं लेथवर आहे. मला हे आट्यांत दिसलं.

लेथला लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडलेला लांब दांडा फिरतो, त्यावर हाफ नट टाकला की कॅरेज, म्हणजे हत्यार धरणारा भाग, सरकते. पंखा म्हणजे स्क्रू, हवा म्हणजे नट. फक्त हा नट स्वतःच चालतोय, वाऱ्याच्या वेगाने. पंख्याच्या एका फेरीत चाक जमिनीवर १० सेंमी पुढे जातं असं गिअरिंग ठेवा आणि पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत आटा जेवढा पुढे सरकतो ते अंतर, ५ सेंमी. पंखा एक फेरी फिरला की नटाच्या मानाने गाडी ५ पुढे गेली. जमिनीच्या मानाने १०. मग नट किती सरकला? उरलेले ५. गाडी १०, वारा ५. दुप्पट. हवा नटासारखी घट्ट नसते, आटा थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात कमी मिळेल.

पिच १० पेक्षा जास्त ठेवला तर गंमत होईल, उत्तर उणे येतं. म्हणजे तीच गाडी वाऱ्याच्या विरुद्ध चालेल का? जाणकारांनी सांगावं.

गुरुजी_पंचवटी | मंगळवार, रात्री ९.५२

हो, चालते! तेव्हा पंखा पवनचक्की होतो आणि चाकांना फिरवतो. ब्लॅकबर्डच्याच चमूने २०१२ मध्ये सरळ वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही विक्रम केला, वाऱ्याच्या दुपटीहून थोडा जास्त वेग. हे तुम्ही पिचच्या हिशेबातून स्वतः काढलंत याचा मला फार आनंद झाला.

तांडेल | मंगळवार, रात्री १०.४०

केदार, उत्तर द्यायचं राहिलं होतं. सरळ पाठवाऱ्यात चिमट कुठे, असं तू विचारलंस. पंख्याच्या एका पात्याकडे बघ, गाडी विसर. पातं गोल फिरतंय आणि पुढेही जातंय, म्हणजे हवेत मळसूत्री वाट कापतंय. गाडी सरळ जाते, पातं कधीच सरळ जात नाही. ते सतत तिरकं, आडव्या वाऱ्यावर धावणारं शीड आहे. मी तासन् तास तिरकं जाऊन मग होडी वळवायचो, पात्याला वळवावं लागत नाही, ते गोल फिरून परत तिथेच येतं. चिमट तीच. माझ्या होडीचा कणा पाण्यात रुतलेला असायचा, या पात्याचा कणा चाकांमार्फत जमिनीत रुतलेला आहे.

हल्लीच्या पाण्यावरून उचलल्या जाणाऱ्या शर्यतीच्या होड्या तिरक्या-तिरक्या जाऊनही पाठवाऱ्याच्या दिशेने वाऱ्याच्या आधी पोचतात. निघताना फुगा सोडला तर फुगा मागे राहील.

केदार_नाशिकरोड | मंगळवार, रात्री ११.२०

काका, हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. पात्याची वाट तिरकी असते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता माझ्याकडे तर्काची अडचण उरली नाही. पण झुळुकीची शंका डोळ्यांनी फिटलेली नाही.

मृण्मयी_सिडको | बुधवार, रात्री ८.१५

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा धागा दोन दिवस वाचतेय. केदार दादांच्या शंकेला बंद खोलीतलं उत्तर आहे, ते म्हणजे ट्रेडमिल. कॅव्हालारो यांनीही छोट्या मॉडेलवर हेच दाखवलं होतं.

खोलीत हवा स्थिर. पट्टा ताशी १० किमीने मागे जातोय. पट्ट्यावर ठेवलेली गाडी खोलीच्या मानाने जागच्या जागी राहिली तर तिला वारा शून्य आणि जमीन १० ने मागे. पेडलमित्र दादा अंजनेरीला २७ वर होते, तीच स्थिती! फीत सरळ खाली. तिथून गाडी पट्ट्यावर पुढे सरकली तर ती वाऱ्याच्या पुढे गेली. झुळूक नाही, वर जोराचा आणि खाली मंद असा वारा नाही.

मी मॉडेल करायला घेतलंय. विमानाच्या मॉडेलचा पंखा मिळाला, पिच छापलेला असतो. अंबड_टर्नर काका, दोन छोटे बेव्हल गिअर आणि ४ मिमीचा सरळ शाफ्ट मिळेल का?

अंबड_टर्नर | बुधवार, रात्री ८.४०

मिळेल. शाफ्ट मी स्वतः ग्राइंड करून देतो, रनआउट राहणार नाही, म्हणजे फिरताना डगमगणार नाही. शनिवारी सुट्टीनंतर सिडकोत आणून देतो.

मृण्मयी_सिडको | पुढचा सोमवार, रात्री १०.०५

घडलं तसं लिहिते.

शनिवारी रात्री गाडी जुळवली. रविवारी सकाळी घराजवळच्या जिममध्ये गेलो, मी, भाऊ आणि टर्नर काका. पहिल्या प्रयत्नात गाडी मागे फेकली गेली. बेव्हल गिअर चुकीच्या बाजूला बसवला होता, त्यामुळे पंखा उलटा फिरून हवा पुढे फेकत होता. गिअर काढून दुसऱ्या बाजूला बसवला. दुसऱ्यांदा चाकं पट्ट्यावर घसरायला लागली, पंखा नीट फिरेचना. काकांनी सायकलच्या ट्यूबचे काप करून चाकांवर चढवले. तिसऱ्यांदा पट्टा ताशी ६ वर, गाडी बोटाने धरली तरी मागे ओढ लागत होती. ८ वर ओढ कमी झाली. १० वर बोटाला काहीच जाणवेना.

१२ वर ती बोटाला पुढे ढकलायला लागली. बोट काढलं. गाडी पट्ट्यावर हळूहळू पुढे गेली आणि पुढच्या कडेला टेकली. परत मागे आणून सोडली, परत गेली. अकरा वेळा केलं, नऊ वेळा कडेपर्यंत गेली, दोनदा वाकडी होऊन बाजूला पडली. मीटरभर जायला साधारण आठ-नऊ सेकंद. टर्नर काका पट्ट्याशेजारी जमिनीवर बसून होते, उठायलाच तयार नव्हते.

केदार_नाशिकरोड | सोमवार, रात्री १०.२०

अभिनंदन, मनापासून. तीन गोष्टी विचारतो. छताचे पंखे आणि एसी बंद होते का? ट्रेडमिल पुढच्या बाजूला उतरती नव्हती ना? पट्टा स्वतःबरोबर थोडी हवा मागे ओढतो, तिचं काय?

मृण्मयी_सिडको | सोमवार, रात्री १०.३८

पंखे, एसी, दारं सगळं बंद. उतार लेव्हल-बबलने तपासला. नंतर मुद्दाम पुढची बाजू थोडी चढती केली, तरी गाडी चढून गेली, फक्त हळू. पट्ट्यालगतची हवा मागे जाते हे खरं, म्हणजे गाडीला ती समोरून लागते आणि अडवते. ती मदत करत नाही, उलट काम अवघड करते.

केदार_नाशिकरोड | सोमवार, रात्री १०.५१

तिसरं उत्तर वाचलं आणि शंका फिटली. गाडी वाऱ्याच्या पुढे जाते. हे लिहायला मला आठवडा लागला, पण आता पूर्ण समजून लिहितोय.

ती बाहेर खऱ्या वाऱ्यावर चाललेली बघायची इच्छा आहे. चाकं लहान आहेत, गुळगुळीत जागा लागेल.

द्राक्षबाग | मंगळवार, पहाटे ५.४५

आमच्या पॅकहाऊससमोर सिमेंटचं अंगण आहे, पूर्व-पश्चिम लांब, कडेला झाड नाही. या दिवसांत दुपारी पश्चिमेचा वारा थेट मिळतो. रविवारी पाऊस उघडला तर या. जेवण इथेच.

पेडलमित्र (धागाकर्ता) | मंगळवार, सकाळी ८.००

मी नाशिकहून सायकलनेच येतो. हँडलची फीत सोडून आणतो, मृण्मयी, ती गाडीच्या नाकावर बांधू. सुरुवातीला पुढे उडेल, मग लोंबेल, मग मागे वळेल. तो क्षण मला जवळून बघायचा आहे.

मागावरून | मंगळवार, सकाळी ९.१०

येवल्याहून मीही निघतो. मुलगा आणि रीळ बरोबर.